केडगांवची साक्ष

पंडिता रमाबाईंचें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत कोणाला ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु त्यांनीं स्वतःविषयीं काय लिहून ठेविलें आहे हें पाहण्याची तसदी फारच थोड्यांनीं घेतली आहे. कोणाला त्या अनाथ विधवांच्या कैवारी म्हणून पूज्य, तर कोणाला स्वधर्म सोडून गेलेली विदुषी म्हणून अप्रिय. आणि या दोन पक्षांच्या जुन्या भांडणांत लेखिका रमाबाई मधल्यामध्यें हरवून गेल्या आहेत. १९०७ सालीं त्यांनीं आपल्या धर्मजीवनाची जी लहानशी हकीकत इंग्रजींत लिहिली, आणि जी पुढें 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर' या नांवानें ओळखली जाऊं लागली, तिचा विचार एक पुस्तक म्हणून करावा, एवढाच आमचा हेतु आहे. सोईसाठीं आपण तिला 'साक्ष' म्हणूं.

पुस्तकाचा विषय एका वाक्यांत सांगतां येतो. संकटकाळीं ईश्वरावर ठेविलेला भरंवसा फुकट जात नाहीं, हा तो विषय होय. या विषयावर आजवर शेंकडों पुस्तकें निघालीं असतील, आणि त्यांतलीं बहुतेक वाचतांना झोंप येते. पोटभर जेवलेल्यानें उपाशी माणसाला धीर धरण्याचा उपदेश करावा, तशी त्यांची तऱ्हा असते. रमाबाईंच्या बाबतींत हा आक्षेप जागच्या जागीं गळून पडतो. त्या उपाशी राहिल्या होत्या. एक-दोन दिवस नव्हे, तर आई, बाप आणि वडील बहीण अशीं तीन माणसें त्या उपासमारीनें नेईपर्यंत.

ती हकीकत 'साक्षीं'त, आणि तिच्या आधीं १८९७ सालीं लिहिलेल्या दुष्काळाच्या अनुभवांत, मिळून पाहावी. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान्. पत्नीला त्यांनीं संस्कृत शिकविलें, पुढें मुलीलाही तें शिकूं दिलें, व त्यापायीं शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला. गंगामूळच्या अरण्यांत त्यांनीं घर केलें. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. पुढें कुटुंब तीर्थयात्रेला निघालें तें कायमचेंच. देवळाच्या आवारांत बसून पुराण सांगावें, श्रोते जें ठेवतील त्यावर निर्वाह करावा, उरेल तें दानधर्मांत घालावें. नोकरीचाकरी किंवा अंगमेहनत करावयाची नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां ही व्यवस्था कोलमडली. दागिने गेले, भांडीं गेलीं. तिरुपतीच्या रानांत अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचें ठरविलें. मुलानें, श्रीनिवासानें, आपण ब्राह्मण्याचा अभिमान सोडून मजुरी करूं असें म्हटलें म्हणून तो बेत राहिला. परंतु म्हाताऱ्याचा देह त्यानंतर फार दिवस टिकला नाहीं.

पुढें आई गेली. तिला मरणाच्या दारीं बाजरीची भाकरी खावीशी वाटली, म्हणून रमाबाई शेजारणीकडे मागावयास गेल्या आणि तोंडांतून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण ती खाण्याची शक्ति आईला उरली नव्हती. तिला न्यावयास खांदे मिळेनात. कशीबशी दोन माणसें आलीं, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या पडल्यामुळें त्यांना तिरडीची आपली बाजू डोक्यावर घ्यावी लागली. हा प्रसंग त्यांनीं इतक्या कोरडेपणानें सांगितला आहे कीं वाचणाऱ्याला क्षणभर तो कळतच नाहीं, आणि कळतो तेव्हां पान उलटवत नाहीं. तसाच दुसरा प्रसंग. भावाबरोबर उत्तरेंत पायीं हिंडतांना झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचाव करावा म्हणून दोघांनीं वाळूंत खड्डे खणले, त्यांत निजलीं आणि अंगावर वाळू ओढून घेतली. हे खड्डे थडग्यांसारखे होते, हें सांगण्यास लेखिका विसरत नाहीं.

आतां येथें टीकाकाराला एक अडचण येते, आणि ती टाळून पुढें जाणें आम्हांला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. अनंतशास्त्र्यांनींही देवावर भरंवसा ठेविलाच होता. इतका कीं, त्यापुढें आपल्यापैकीं बहुतेकांची भक्ति खेळांतली वाटावी. त्यांनीं जवळचें सर्व देवाच्या नांवें दिलें, नेम सोडले नाहींत, आणि ते उपासमारीनें मेले. रमाबाईंचा युक्तिवाद असा कीं, भरंवसा खरा होता पण तो चुकीच्या ठिकाणीं होता. मूर्ति व तीर्थें यांच्या पाठीमागें लागून कुटुंबाचा नाश झाला. ख्रिस्ती वाचकाला हें उत्तर पुरेसें वाटेल, हिंदु वाचकाला तें टोंचेल. पण आमचें म्हणणें निराळेंच आहे. हें उत्तर रमाबाईंच्या स्वतःच्याच गोष्टीला पुरत नाहीं. मरतेवेळीं बापानें या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलें कीं, मीं तुला आपल्या देवाच्या हातीं दिलें आहे, तूं त्याची हो आणि जन्मभर त्याची सेवा कर. ख्रिस्ती झालेली लेखिका हे शब्द टाकून देत नाहीं. उलट आपलें सर्व आयुष्य त्यांची पूर्तता आहे अशा भावानें ते जपून ठेवते. ज्या देवाला बाप ओळखत नव्हता असें ती इतरत्र म्हणते, त्याच देवाच्या हातीं बापानें तिला सोंपविलें, असें येथें होतें. तर्काच्या दृष्टीनें ही विसंगति खरी. परंतु पुस्तकाचा प्राण नेमका येथेंच आहे. 'साक्षीं'तला वाद एक सांगतो आणि मुलीचें अंतःकरण दुसरेंच. आणि आम्हांला अंतःकरणाचें म्हणणें अधिक खरें वाटतें.

मराठी वाचकाला या पुस्तकांत आणखी एक गोष्ट चुकल्यासारखी वाटते. दुष्काळ आणि देव हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. १६३० च्या सुमारासच्या दुष्काळांत तुकोबांची बायको अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला. आणि त्यांनीं विठोबाशीं जें भांडण मांडलें तें आपल्या वाङ्मयाचें एक धन होऊन बसलें आहे. भरंवसा आणि तक्रार हीं दोन्ही एकाच मुखांतून निघतात याची आपल्याला सवय आहे. रमाबाईंच्या 'साक्षीं'त तक्रार नाहीं. कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्मांत देवाशीं भांडण्याची मुभा नाहीं. हें म्हणणें अज्ञानाचें आहे. स्तोत्रसंहिता देवाला जाब विचारणाऱ्या आर्त हांकांनीं भरलेली आहे, आणि ईयोबाचें पुस्तक तर आरंभापासून शेवटपर्यंत फिर्यादच आहे. रमाबाईंनीं हे ग्रंथ नुसते वाचले होते असें नव्हे, तर मूळ हिब्रूंतून त्यांचें मराठी भाषांतर केलें.

मग ही तक्रार गेली कोठें? आमच्या मतें ती पत्रांत राहिली. १८८३ च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडांत वाँटिज येथें बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ सालीं ग्रंथरूपानें बाहेर आला आहे. त्या पत्रांतल्या रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर हुज्जत घालतात, पाद्री सांगतात म्हणून मानावयाचें ही गोष्ट साफ नाकारतात, आणि क्रुसावरील अक्षरें लॅटिनऐवजीं संस्कृतांत कां नकोत असा सवाल करतात. हा बाणा 'साक्षीं'त दिसत नाहीं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हेस्लमसाहेबांचें पुस्तक वाचल्यावर पुढें कांहीं वर्षांनीं तो मिळाला, एवढ्या दोन ओळींत त्या सर्व झटापटीची वासलात लागते. साक्ष देणारा माणूस शेवटाकडे उभा राहून आरंभाकडे पाहतो. त्याला वाटेंतले खांचखळगे लहान दिसतात. वाचक मात्र अजून वाटेंतच असतो. म्हणून हें पुस्तक एकटें वाचूं नये, पत्रांच्या जोडीनें वाचावें, अशी आमची शिफारस आहे.

शिवाय पुस्तक कोणासाठीं लिहिलें आहे याकडेही लक्ष दिलें पाहिजे. १८८९ च्या ११ मार्चला मुंबईंत शारदासदन उघडलें, तें अमेरिकेंतल्या मंडळींनीं दहा वर्षें मदत देण्याचें पत्करलें म्हणून. ती मुदत संपत आली तेव्हां रमाबाईंच्या वाचनांत ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरची हकीकत आली. म्यूलरनें हजारों अनाथ मुलें कोणाही मनुष्यापाशीं याचना न करतां केवळ प्रार्थनेवर पोसलीं. आपणही तसेंच करावें असें रमाबाईंनीं ठरविलें. हा निश्चय धैर्याचा आहे यांत संशय नाहीं. तरी एक गोष्ट मोकळेपणानें सांगावयास हवी. प्रार्थनेला पैसे कसे मिळाले याचें वर्णन छापून दूरदेशीं पाठविलें म्हणजे तें वाचून पुन्हां पैसे येतात. मागितलें नाहीं हें खरें, पण गरज कळविली हेंही खरेंच. याला आम्ही लबाडी म्हणत नाहीं. मात्र 'साक्षीं'तील कांहीं पानांवर ईश्वराच्या कृपेची खतावणी मांडल्यासारखें वाटतें, आणि तेवढीं पानें पुस्तकांतलीं सर्वांत नीरस आहेत.

याच्या उलट १८९६-९७ सालच्या दुष्काळाची हकीकत पाहा. मध्यप्रांतांत लोक अन्नावांचून तडफडत आहेत हें कानीं आल्याबरोबर रमाबाईंना स्वतःचें रान आणि स्वतःचा झाडपाला आठवला. घरीं बसून प्रार्थना करून त्या थांबल्या नाहींत. गाडींत बसून तिकडे गेल्या, छावण्यांतून हिंडल्या, आणि सुमारें तीनशें मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेगचे कडक नियम, शहरांत एवढी माणसें ठेवण्याची सोय नाहीं. म्हणून पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांवीं जी माळजमीन आधींच घेऊन ठेविली होती तिच्यावर मांडव पडले, आणि मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां पुन्हां तेंच. त्या सुमारास तेथल्या माणसांची संख्या दीड हजारावर गेली होती. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला. आणि याच बाईंनीं १८९७ सालीं पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेंत बायकांची जी हेळसांड होत होती तिच्यावर 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत असें कडक पत्र लिहिलें कीं सरकारला राग आला. भरंवसा म्हणजे हात जोडून गप्प बसणें, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं एवढा भाग तरी वाचावा.

पण या भागांतही एक पोकळी आहे. आणलेल्यांपैकीं कित्येकजणी इतक्या खंगलेल्या होत्या कीं त्या वांचल्या नाहींत. आणि छावण्यांत मागें राहिल्या त्यांची तर गणतीच नाहीं. ज्या वांचल्या त्यांना देवानें वांचविलें असें म्हटलें, कीं उरलेल्यांचें काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'साक्ष' त्याच्या जवळ येते आणि वळून जाते. आमची अपेक्षा उत्तराची नाहीं. तसें उत्तर कोणत्याच धर्माच्या ग्रंथांत आम्हांला सांपडलेलें नाहीं. परंतु ज्या बाईनें आईची तिरडी डोक्यावर वाहिली तिनें त्या प्रश्नापुढें घटकाभर उभें राहावयास हवें होतें. १९०५ सालीं मुक्तिसदनांत जी धार्मिक जागृति झाली, तिच्या वर्णनांत लेखिकेनें जो उत्साह खर्चिला आहे, त्यांतला थोडा येथें खर्ची पडता तर बरें होतें. त्या जागृतीविषयीं बाहेरच्यांनीं फार बोलण्यांत अर्थ नाहीं. ज्यांना ती आली त्यांना ती आली.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत या पुस्तकाशेजारीं ठेवण्याजोगें एकच पुस्तक आहे, आणि तें म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें'. तेथेंही दारिद्र्य आहे, ताटातूट आहे, आणि उद्यांची काळजी देवावर सोंपविणारा एक नवरा आहे. परंतु लक्ष्मीबाई त्या भरंवशाकडे संसार करणाऱ्या बाईच्या डोळ्यांनीं पाहतात. टिळकांनीं घरांतलें होतें तें देऊन टाकलें कीं चुलीवर काय चढवावयाचें हें त्यांनाच पाहावें लागतें. म्हणून त्यांच्या श्रद्धेला हंसूं येतें. रमाबाई हंसत नाहींत. त्यांच्या घरीं चूलच उरली नव्हती, हें त्याचें कारण असावें. शिवाय लक्ष्मीबाईंनीं आपल्या माणसांसाठीं मराठींत लिहिलें. रमाबाईंना तिऱ्हाइतासाठीं इंग्रजींत लिहावें लागलें, आणि भाकरी, पुराण, जलसमाधि हे शब्द वाक्यागणिक समजावून द्यावे लागले. समजावून दिलेलें दुःख थोडें विरळ होतें.

रमाबाईंचें मराठी पाहावयाचें तर त्यांच्या बायबलाकडे वळलें पाहिजे. साध्या बायकांना वाचतां यावें म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं हें काम एकटीनें हातीं घेतलें. तें वर्षानुवर्षें चाललें, आणि खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम मुक्तिसदनांतल्या बायकांनींच केलें. १९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. आई-बाप, बहीण, मग १८८० सालीं भाऊ, १८८२ सालीं पति, आणि आतां एकुलती एक मुलगी. या मृत्यूवर रमाबाईंनीं दुसरी 'साक्ष' लिहिली नाहीं. त्या मुद्रितें तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या तेव्हां भाषांतर पुरें झालें होतें. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.