राजीचा त्रिशूळ तीस सेंटिमीटर लांब का झाला?

संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्याच्या कामाचं परीक्षण करावं लागतं, आणि आपल्याला ते कुणी शिकवत नाही. म्हणून आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि एका पोशाखाचं परीक्षण करू. हा पोशाख माझ्या मावसबहिणीने जाफराबादला घरी बनवलाय. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्यांदा तिने मला फोटो पाठवले, तेव्हा मी एका ओळीत उत्तर दिलं होतं : "छान आहे, पण हुबेहूब नाही वाटत." तिने पोशाख घडी करून पेटीत टाकला. ते उत्तर चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी पात्राची ओळख. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला व्हिडिओ गेम २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो. ती भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन वार करते. आवडत्या पात्राचा वेश स्वतः तयार करून अंगावर घालणे याला कॉस्प्ले म्हणतात.

आता परीक्षण. पहिला प्रश्न : मोजमाप आलं कुठून?

तिने गेम थांबवला, पडद्याचा फोटो काढला आणि पट्टीने मोजलं. राजी सरळ उभी होती आणि त्रिशूळ हातात आडवा होता. आकडे समजायला सोपे घेऊ. समजा पडद्यावर राजी ६० मिमी आणि त्रिशूळ ६६ मिमी. म्हणजे त्रिशूळ उंचीच्या १.१ पट. बहिणीची उंची १५५ सेंमी, म्हणून त्रिशूळ साधारण १७० सेंमी. हिशोबात कुठेच चूक नाही. पण बनवल्यावर तो हातात बेढब दिसत होता, आणि 'हुबेहूब नाही' असं मला वाटण्याचं खरं कारण तेच होतं.

चूक हिशोबाच्या आधी झाली आहे. या गेममध्ये आपण राजीकडे बरंचसं वरून बघतो. वरून बघितलं की उभी वस्तू आखूड दिसते, पण आपल्यासमोर आडवी धरलेली वस्तू आखूड दिसत नाही. कॅमेरा ३५ अंश खाली झुकलाय असं धरा. ३५ अंशाची कोज्या ०.८२. म्हणजे पडद्यावर ६० मिमी दिसणारी राजी खरं तर ७३ मिमी धरायला हवी. गुणोत्तर १.१ वरून ०.९ वर येतं आणि त्रिशूळ १४० सेंमीचा होतो. तीस सेंटिमीटरचा फरक! दहा वेळा मोजून सरासरी काढली असती तरी तो गेला नसता, कारण प्रत्येक वेळी चूक त्याच दिशेला जाते. पुस्तकात आपण हिला पद्धतशीर त्रुटी म्हणून पाठ करतो. उपाय फुकट होता : राजीने त्रिशूळ उभा धरलेला क्षण शोधायचा. मग दोन्ही सारखेच आखूड दिसतात आणि गुणोत्तर जवळपास बरोबर येतं.

दुसरा प्रश्न : साहित्य आणि पद्धत. इथे मात्र मी तिला पूर्ण गुण देतो. दांड्याला नळाचा पाऊण इंची पाईप. पात्यांना आधी थर्माकोल वापरून पाहिलं, पण चपलेला लावतात ते सोल्युशन लावताच थर्माकोल विरघळून खड्डे पडले. त्या चिकटद्रव्यातला द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवतो. मग तिने चपलेच्या तळव्याचा फोम जालन्याहून आणला. हा ईव्हीए नावाचा फोम, आणि जगभरचे कॉस्प्ले करणारे हाच वापरतात. फोम रंग पितो, म्हणून फेव्हिकॉल पाण्यात कालवून तीन हात दिले आणि वर सोनेरी रंग. पात्यांवर हे उत्तम बसलं. कमरपट्ट्यावर मात्र वाकवताच तडे गेले, कारण फोम वाकतो, वाळलेला फेव्हिकॉल तेवढा वाकत नाही.

हे सगळं मला कुठून कळलं? तिच्या वहीतून. फोटोंसोबत तिने फक्त यशाची गोष्ट पाठवली होती. थर्माकोल का सोडलं, पट्टा का तडकला, हे वहीत पडून होतं. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग ती वही आहे, आणि तिने तोच लपवला. उद्या भोकरदन किंवा चिखलीतली एखादी मुलगी हेच करायला बसली, तर तिचे दोनशे रुपये आणि एक रविवार ती वही वाचवेल.

तिसरा प्रश्न : निकष कोणता? वर मी 'हुबेहूब' हा शब्द वापरला, पण कशाशी हुबेहूब? गेम खेळताना राजी पडद्यावर बोटाएवढी दिसते. जाहिरातीच्या चित्रात ती मोठी आणि बारकाव्यांसह दिसते. कथेच्या प्रसंगांत तर ती सावल्यांच्या बाहुलीसारखी येते. मूळ एक नाहीच. आपल्याकडे बहुरूपी दारात फौजदार होऊन यायचा तेव्हा त्याची वर्दी कुठे नियमाप्रमाणे असायची? चाल, आवाज आणि हातातली काठी एवढ्यावर तो घरातल्या पोरांना क्षणभर घाबरवायचा. त्याचा निकष तो होता.

राजीच्या बाबतीत माझा निकष हालचालीचा आहे. ती कसरती करणारी मुलगी आहे, म्हणून तिच्या वेशात हात डोक्यावर जायला हवा. बहिणीच्या पोशाखात तो खांद्याच्या वर जात नाही, काखेत कापड ओढतं. काखेत चौकोनी तुकडा जोडला की हे सुटतं. जुन्या बंड्यांमध्ये तो असायचाच. पण ती म्हणाली, "दादा, मी तर फोटोसाठी बनवलाय." बरोबर आहे. मग तसं लिहायला हवं होतं, आणि मीही विचारल्याशिवाय बोलायला नको होतं. परीक्षकाने आपला निकष आधी सांगावा आणि समोरच्याचाही विचारावा.

शेवटचा मुद्दा थोडा टोचणारा आहे. फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'संपूर्ण पोशाख स्वतःच्या हाताने.' चोळी मात्र गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी शिवली होती. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट ॲकरमन भविष्यातल्या माणसाचा वेश करून गेले. कॉस्प्लेच्या इतिहासात तो प्रसंग नेहमी सांगतात. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लस यांनी, ज्यांना सगळे मोरोजो म्हणत. स्वतःही त्या तसाच वेश करून तिथे हजर होत्या. तरी बराच काळ नाव मुख्यतः ॲकरमन यांचंच घेतलं गेलं. प्रयोगशाळेतही हेच होतं : नमुने कुणी गोळा केले, यंत्र कुणी चालवलं, आणि नाव कुणाचं छापलं गेलं, हे बघत जा.

माझं एकूण मत : पोशाख चांगला, पद्धत प्रामाणिक, मोजमापात एक दुरुस्त होणारी चूक, श्रेय अपुरं. एवढं मी पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर पोशाख पेटीत गेला नसता.

मागच्या आठवड्यात मी हे सगळं तिला सविस्तर कळवलं. तिने करवतीने पाईप कापला. कापलेल्या तुकड्यावर मार्करने तारीख आणि '३५ अंश?' असं लिहून तो वहीला रबर लावून बांधलाय. फोटोखाली आता काकूंचं नाव आहे. कोन मात्र तिला अजून पटलेला नाही. ती म्हणते, मी तो अंदाजाने धरला, आणि ती स्वतः मोजून बघणार आहे.