जोखमीची जाणीव आणि विद्यार्थ्यांचे तथाकथित अज्ञान

नव्या तंत्रज्ञानाविषयी विद्यार्थ्यांच्या मनात असलेली भीती माहितीच्या अभावातून निर्माण होते, हे गृहीतक महाविद्यालयीन वर्तुळात रूढ आहे. त्यामुळे उपायही ठरलेला असतो : व्याख्यान, भित्तिपत्रक, जनजागृती सप्ताह. या गृहीतकाच्या संदर्भात पॉल स्लोव्हिक, बारूक फिशहॉफ आणि सारा लिक्टेनस्टाइन यांचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकन अभ्यास पुन्हा वाचण्याजोगा आहे.

या अभ्यासात ३० महाविद्यालयीन विद्यार्थी, अन्य दोन नागरी गट आणि १५ तज्ज्ञ यांनी ३० कृती व तंत्रज्ञाने जोखमीच्या क्रमाने लावली. विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला, तज्ज्ञांनी विसावा. क्ष-किरण तज्ज्ञांच्या यादीत सातवे, तर विद्यार्थ्यांच्या यादीत सतरावे होते. तज्ज्ञांनी दहाव्या स्थानी ठेवलेले पोहणे विद्यार्थ्यांनी अगदी तळाशी टाकले. (ऐन विशीत पाण्याचे भय वाटू नये, यात नवल ते काय!)

येथवर वाचून थांबणाऱ्यास अज्ञानाचा पुरावा मिळाल्यासारखे वाटते. मेख पुढे आहे. सर्वसाधारण वर्षात प्रत्येक बाबीमुळे किती मृत्यू होत असतील, हेही सहभागींना विचारले होते. अणुऊर्जेबाबत विद्यार्थ्यांच्या अंदाजांचा गुणोत्तर मध्य केवळ २७ आला. त्यांच्या यादीतील तो सर्वांत कमी आकडा होता. म्हणजे ज्या तंत्रज्ञानाने सर्वांत कमी माणसे दगावतात असे ते मानत होते, त्यालाच त्यांनी सर्वाधिक धोकादायक ठरविले. एखाद्या अनर्थकारी वर्षी हे मृत्यू किती पटींनी वाढतील, या प्रश्नाला त्यांचे सरासरी उत्तर ८७ पट असे होते. तज्ज्ञांचा क्रम वार्षिक मृत्युसंख्येशी बहुतांशी जुळणारा होता. विद्यार्थी मात्र अनर्थाची शक्यताही जमेस धरत होते. ही उत्तरे थ्री माइल आयलंडच्या २८ मार्च १९७९ च्या अपघातापूर्वीची आहेत, हे विशेष.

अर्थात विद्यार्थ्यांचे सर्वच क्रम असे समर्थनीय ठरत नाहीत. क्ष-किरणांबाबतची त्यांची निर्धास्तता परिचयातून व डॉक्टरांवरील विश्वासातून आलेली दिसते. शिवाय एकाच गावातील ३० विद्यार्थ्यांवरून 'विद्यार्थिवर्गा'विषयी बोलणे धाडसाचे आहे.

खरा आक्षेप घ्यायला हवा तो या पद्धतीच्या अनुकरणावर. मूळ यादीत बर्फावरील घसरणी आणि हिरवळ कापण्याचे यंत्र आहे. जैतापूर परिसरातील विद्यार्थ्यापुढे ती जशीच्या तशी ठेवण्यात अर्थ नाही. यादी बदलली तरी पंचबिंदू श्रेणीवर 'किती धोकादायक?' एवढेच विचारून भागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या प्रश्नावलीत हानी कोणाची, किती काळ टिकणारी आणि नाकारण्याची मुभा कोणाला, हे प्रश्न नसतील, तर उच्च गुण देणारा विद्यार्थी घाबरट आहे की दूरचा विचार करणारा, हे त्या तक्त्यांवरून ठरविता येणार नाही.