व्हिएतनामची साक्ष आणि चिपळूणचे पत्र

गेवराई तालुक्यातील एका शाळेत, शिवजयंतीच्या व्याख्यानात, मी एकदा ठासून सांगितले होते की व्हिएतनामने अमेरिकेला हरवले ते शिवरायांच्या गनिमी काव्यापासून धडा घेऊन. नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे कुठं लिहिलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून शोधतो आहे. रायगडाची माती घेऊन जाणारा व्हिएतनामी मंत्री अनेक लेखांत भेटला. पण एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो, मूळ कागदाशी कोणी नेत नाही. जनरल जियाप यांच्यापुढे माओचे लेखन होते आणि तेराव्या शतकात मंगोलांना परतवणाऱ्या त्रान हुंग दाओचा घरचा वारसाही.

या दाव्याने खरे नुकसान केले ते आपले. महाराजांना आपण नुसते छापे घालणारे सेनानी करून ठेवले. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना गेलेले पत्र पाहा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात, तर पुढे रयतेकडून धान्य, गवत, फाटे, भाजी ओढून आणाल. मग मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे लोकांना वाटेल, असा त्याचा आशय. उंदराने पेटती वात नेली तर गवताला आग लागेल, इथवर त्यात काळजी आहे. हे पत्र बंडखोराचे नाही, राज्यकर्त्याचे आहे.

अल्जीरियात लढलेले फ्रेंच अधिकारी दाविद गालुला यांनी १९६४ साली बंडखोरीविरोधी युद्धावरील पुस्तकात जनतेचा पाठिंबा निर्णायक मानला. जनरल पेट्रेयस यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये निघालेली अमेरिकी लष्कराची नियमपुस्तिका गालुलांचे ऋण नाव घेऊन मानते. प्रभाव म्हणतात तो असा दाखवता येतो. चिपळूणच्या पत्राशी आहे ते केवळ साम्य, आणि तेही अर्धे. गालुला सैन्याला वस्तीत शिरून माणसांची नोंद ठेवायला, त्यांच्यावर नियंत्रण बसवायला शिकवतात. हे पत्र आपल्याच सैन्याला लोकांच्या दारातून मागे बोलावते.

त्याच गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १७६३ साली तिथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. तो विजय आम्ही दरवर्षी सांगतो. कोणाच्या कडब्यावर त्या घोड्यांचे पोट भरले, हे कधी विचारले नाही. त्या मुलीला आता उत्तर देता येईल: बाळ, मी सांगितले ते कुठेच लिहिलेले सापडले नाही. पण कडब्याचा प्रश्न ज्यात आहे, असे एक पत्र आहे. ते वाच.