‘कासव’मधील उपचाराचे मोल
सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१६ या वर्षाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ लाभले. जीव देऊ पाहिलेल्या तरुणाला त्यातील जानकी आश्रय देते. पण त्याला बोलते करण्याची घाई करीत नाही. ही सबुरी केवळ वात्सल्याची नव्हे. तिने स्वतः मनोविकारावर उपचार घेतले आहेत. ‘मायेने मन बरे होते’ एवढाच बोध घेणारा रसिक या कृतीचा अर्धा अर्थ गमावतो. हे आग्रहाने सांगण्यास कारण आहे. आमच्या अंबरपेठेत ‘एर्रागड्डा’ आणि पुण्याकडे ‘येरवडा’ ही नावे तेथील मनोरुग्णालयांमुळे थट्टेचा विषय झाली. त्या थट्टेच्या भयाने कितीएक दुखावलेली माणसे वैद्याच्या दारी जातच नाहीत. जानकी त्या दारातून उजळ माथ्याने परतली आहे. ‘कासव’चे खरे मोल येथेच आहे.