वकील संघांचे ठराव : चांदा-गडचिरोलीच्या दृष्टीनें परीक्षण

चांदा प्रांताच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या वाचकांचें लक्ष गोंड राजांच्या सनदांकडे, भोंसलेकालीन मोडी कागदांकडे, फार तर मेजर लुसी स्मिथ याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालाकडे जातें. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु न्यायालयाच्या आवारांत वकिलांची जी खोली असते, तिच्या कपाटांतील सभावृत्तांच्या वह्या साधन म्हणून क्वचितच कोणी हातीं घेतो. वकील संघाच्या ठरावांची कायद्यानें व न्यायालयांनीं जी किंमत ठरविली आहे, ती या जंगलपट्टीस कितपत लागू पडते हें प्रस्तुत लेखांत तपासावयाचें आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. संघानें जें लिहिलें तें कायदा वाचतो. संघ ज्याविषयीं गप्प राहिला तें वाचण्याची सोय त्यानें केलेली नाहीं.

१८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर वसुली, बंदोबस्त व न्याय हीं तिन्ही कामें चांद्यास डेप्युटी कमिशनरच्या एकाच कचेरींत आलीं. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशीं देण्यांत आलें. त्यांचा पाठलाग करणारी व त्यांस शिक्षा देणारी सत्ता एकच होती. पुढें १८७४ मध्यें अपर गोदावरी जिल्हा मोडून तेलुगु भाषेचा सिरोंचा तालुका चांद्यास जोडला गेला. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबादेकडे होता, जेथें निजामाच्या अमदानींत कचेरीची भाषा उर्दू. तो नांदेडमार्गें १९५९ मध्यें चांद्यांत आला. आंतील रानांत गोंडी व माडिया. पक्षकार एका भाषेंत बोलणार, अर्ज दुसरींत लिहिला जाणार, आणि वरच्या न्यायालयाचा निकाल इंग्रजींत पडणार! अशा ठिकाणीं वकिलाच्या आधीं पक्षकारास गांठतो तो दलाल.

म्हणूनच १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टाचें ३६ वें कलम आम्हांस महत्त्वाचें वाटतें. मोबदला घेऊन वकिलास अशील मिळवून देणाऱ्या दलालांची यादी लावण्याचा अधिकार त्यानें न्यायालयास दिला. एखादा मनुष्य दलाल आहे किंवा नाहीं याविषयीं वकिलांच्या संघानें खास बोलावलेल्या सभेंत बहुमतानें केलेला ठराव हा त्या मनुष्याच्या सर्वसाधारण लौकिकाचा पुरावा मानावा, असें स्पष्टीकरणही त्या कलमास जोडलेलें होतें. खाजगी मंडळाच्या वहीला एवढें वजन मिळाल्याचीं उदाहरणें थोडीं. २०२३ च्या दुरुस्तीनें १८७९ चा कायदा रद्द होऊन दलालांचा विषय १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टांत घेण्यांत आला. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमांत १९९३ मध्यें आणखी एक उल्लेख घातला गेला : कल्याणकारी योजना नीट चालाव्या म्हणून राज्य बार कौन्सिलनें वकील संघांच्या वाढीस उत्तेजन द्यावें. म्हणजे दलाल कोण, आणि मदतीचा पैसा कोणाच्या हातून पोंचवावा, मुख्यत्वें एवढ्यासाठीं कायद्यास संघाची आठवण होते. सनद व शिस्त हें बार कौन्सिलचें काम, तें योग्यच आहे. परंतु कोणाचें वकीलपत्र घेतलें गेलें व कोण दारावरून परत गेला, ही नोंद संघानें ठेवावी असें कोणास सुचलें नाहीं.

न्यायालयांनीं याहून पुढें पाऊल टाकलें हें कबूल केलें पाहिजे. आरोपी पोलिसांचें काम कोणीं चालवूं नये असा ठराव कोइमतूरच्या वकील संघानें केला होता. त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१० मध्यें असले ठराव बेकायदेशीर व शून्यवत् ठरविले. ज्या न्यायालयांत आपण वकिली करतों तेथील प्रकरण रास्त मेहनतान्यावर स्वीकारलें पाहिजे, हा बार कौन्सिलचा नियम त्यास आधार. निकाल आम्हांस पूर्ण मान्य आहे; पण तो मोठ्या शहराकडे पाहून लिहिलेला आहे. जेथें वकील शेंकड्यांनीं मोजावे लागतात तेथें बहिष्कारास ठराव लागतो, कारण त्याशिवाय फुटून निघणारा एक तरी निघतोच. जेथें वकीलच मोजके, फौजदारी चालविणारे त्याहून मोजके, आणि पोलीस, फिर्यादी व वकील या सर्वांस एकाच बाजारांत भाजी घ्यावयाची, तेथें ठराव कशाला? अशील नक्षलवादी म्हणून धरलेला असो कीं ठाणेदाराविरुद्ध तक्रार घेऊन आलेला असो. एकानें आजारी पडावें, दुसऱ्याच्या घरीं लग्न निघावें, तिसऱ्यानें नागपूरच्या वकिलाचें नांव सुचवावें, कीं झालें. हा नकार रद्द ठरविण्यास कागदच नसतो.

देसाईगंजचें प्रकरण या दृष्टीनें पुन्हां वाचण्याजोगें आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं तेथील पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची ती फिर्याद. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनीं १ जून १९७४ रोजीं आरोपी पोलिसांस सोडलें; नागपूर खंडपीठानें १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांस दोषी ठरविलें; सर्वोच्च न्यायालयानें १५ सप्टेंबर १९७८ रोजीं पुन्हां सोडलें. पुढील वर्षीं सरन्यायाधीशांस जें खुलें पत्र गेलें, त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार अशा चार कायदेपंडितांच्या सह्या होत्या. कोण्या वकील संघाची नव्हती. त्यांतून उठलेल्या चळवळीचें फळ म्हणजे १९८३ ची कायदादुरुस्ती. यांत स्थानिक वकिलांवर दोषारोप करण्याचा आमचा हेतु नाहीं. अशा खटल्यांत फिर्यादीची बाजू सरकारी वकिलानें मांडावयाची हीच पद्धत, आणि चालू खटल्यावर बोलण्यास संघ कचरला तर तें समजण्यासारखें आहे. परंतु अखेरचा निकाल लागल्यावर त्याच्या गुणदोषांची चर्चा करणें हें वकिलांच्या मंडळाचें काम नव्हे तर कोणाचें?

१९८७ च्या विधिसेवा कायद्यानें अनुसूचित जमातींस मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. पण हा वकील त्याच खोलींत बसणारा, त्याच संघाचा सभासद; आणि सिरोंच्याहून गडचिरोलीचें जिल्हा न्यायालय सुमारें दोनशें किलोमीटर. खोलींतील वारा जसा वाहील तसें हें साहाय्य चालणार.

खटल्यांचे जुने कागद मुदतीनंतर नष्ट करण्याची मुभा १९१७ च्या कायद्यानें दिली होती. तेव्हां पुष्कळ ठिकाणीं संघाची वहीच काय ती मागें राहते. आम्हांस एका तालुक्याच्या गांवीं अशी एक वही चाळावयास मिळाली. चहाच्या वर्गणीची थकबाकी, दुखवट्याचे ठराव व खुर्च्यांची दुरुस्ती यांनीं ती भरलेली होती. मध्येंच एका पानावर, एका सभासदानें कांहीं कैद्यांचें काम मेहनताना न घेतां चालविल्याबद्दल चहापान, अशी एक ओळ आढळली. त्या ओळीखालीं सहा सह्या होत्या. आदल्या सभेच्या पानावर एकवीस.

चांदा-गडचिरोलीकडील संग्राहकांस विनंति कीं, अशा वह्या हातीं आल्यास ठरावांचीं पानें तेवढीं काढून घेऊं नयेत. हजेरीच्या सह्या व हिशेब जसेच्या तसे ठेवावे. देसाईगंजकडील प्रदेश २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्ह्यांत गेला, हें ध्यानांत ठेवून त्यापूर्वींचे कागद चंद्रपुरास शोधावे. दलालांसंबंधीं खास सभेची नोटीस कोठें सांपडल्यास तिची नक्कल तारखेसह आमच्याकडे पाठवावी.