‘जोगवा’ची गाणी आणि आपले कान

लोकगीतास नवा साज चढविला की दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, गाणे तरले. दुसरा म्हणतो, बाटले. १९६५ साली अमेरिकेत सायमन व गारफंकल या जोडीच्या एका साध्या गीतावर निर्माते टॉम विल्सन यांनी, त्या दोघांस न विचारता, विजेची वाद्ये चढविली. आधी उपेक्षिले गेलेले तेच गीत १९६६ च्या आरंभी तेथे अग्रस्थानी पोचले आणि जोडीचा दुसरा गीतसंग्रह त्याच्याच नावाने निघाला. आपल्याकडे अजय-अतुल या बंधूंनी संगीत दिलेल्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाच्या गाण्यांविषयी असाच वाद घालता येईल. आमच्या मते मात्र येथे खरा प्रश्न साजाचा नसून ऐकणाराचा आहे.

राजीव पाटील यांचा हा चित्रपट यल्लमाला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींचा. त्याच्या मुळाशी राजन गवस यांच्या कादंबऱ्या आहेत, तशीच आमच्या सांगली जिल्ह्यातील चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथाही आहे. ‘लल्लाटी भंडार’ हे गीत अजय गोगावले तारस्वरात गातात, तेव्हा त्यातील भव्यता निव्वळ उत्सवाची वाटत नाही. तीत देवीचा धाक आहे. तिच्यापुढे माणूस लहान दिसावा, एवढ्याचसाठी वाद्यमेळ थोर केला आहे. दोष काढावयाचा तर इतकाच, की दारोदार चौंडके-तुणतुणे घेऊन हिंडणाऱ्या जोगत्याचे एकाकी दारिद्र्य या गजरात दबून जाते.

गाण्यांचे स्वागत थाटात झाले. २००८ सालच्या चित्रपटांसाठीचे राष्ट्रीय पारितोषिक संगीतकारांस मिळाले. गायनाचे हरिहरन व श्रेया घोषाल यांस. ते सर्वथा योग्यच होते. परंतु लोकांनी या गाण्यांचे काय केले? ‘जीव रंगला’ लग्नमंडपात वाजू लागले. ज्या दोघांचे ते गीत, त्यांना देवीच्या नावाने लग्नच निषिद्ध आहे, याची आठवण मंडपात कोणास राहिली? ‘लल्लाटी भंडार’वर वराती नाचल्या. मुली देवाला वाहण्याची चाल बंद करण्यासाठी १९३४ साली मुंबई इलाख्यात व २००५ साली महाराष्ट्रात कायदा करावा लागला. त्या चालीची वेदना ठेक्यात विरून गेली.

कडेगावकरांस तरी हे निराळे सांगावयास नको. येथे मोहरमात हिंदू-मुसलमान मिळून उंच ताबूत उभारतात, त्यांच्या भेटी होतात, वाद्येही वाजतात. पण तो प्रसंग मूळचा शोकाचा, हे गाव जाणते. वाद्य वाजले म्हणजे आनंदच असतो असे नव्हे, ही जाण ज्या कानांस आहे त्यांनी ‘जोगवा’ पुन्हा एकवार, न नाचता, ऐकावा. संगीतकारांनी आपले काम केले आहे. आता आपले राहिले आहे.