इंजिनांचे मानांकन : आकडा आणि त्यामागच्या अटी

संगणकीय बुद्धिबळात इंजिनाची ताकद एलो मानांकनाने सांगितली जाते. आर्पाद एलो यांनी ही पद्धत माणसांसाठी आखली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघ फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत १०० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने साधारण ६४ टक्के गुण मिळवावेत, एवढाच तिचा अर्थ. इंजिनाच्या बाबतीत हा आकडा एकट्या प्रोग्रॅमचा कधीच नसतो. यंत्र कोणते, वेळ किती, डावांची सुरुवात कशी आणि समोर कोण, हे सगळे त्यात मिसळलेले असते. मानांकनाबद्दलचे बहुतेक वाद या मिसळीतूनच उभे राहिले.

पहिला प्रश्न डावांच्या संख्येचा. १९९५ साली हाँगकाँगमध्ये झालेल्या विश्व संगणक बुद्धिबळ स्पर्धेत पाचच फेऱ्या होत्या. आयबीएमच्या डीप ब्लूची प्राथमिक आवृत्ती शेवटच्या फेरीत साध्या पेन्टियमवर चालणाऱ्या फ्रिट्झकडून हरली आणि पुढे विजेतेपदही फ्रिट्झनेच मिळवले. तो विजय खरा होता, पण पाच डावांवरून ताकदीचा निवाडा होत नाही. तुल्यबळ इंजिनांचे ४० टक्के डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर १०० डावांच्या सामन्यानंतरही मानांकनात दोन्ही बाजूंना पन्नासेक गुणांची अनिश्चितता उरते. ती पाच गुणांवर आणायची तर सुमारे दहा हजार डाव लागतात. तरीही इंजिनांच्या मानांकन याद्यांमध्ये चार-पाच गुणांच्या फरकावर पहिला आणि दुसरा क्रमांक दिला जातो, आणि वाचकही तो खरा मानतो. शेजारी छापलेली अनिश्चितता फारसे कुणी पाहत नाही.

या बाबतीत सर्वांत प्रामाणिक काम स्टॉकफिश या इंजिनाच्या विकासकांनी केले आहे. गॅरी लिनस्कॉट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या फिशटेस्ट या व्यवस्थेत स्वयंसेवकांचे संगणक अहोरात्र डाव खेळतात. कोणता बदल स्वीकारायचा आणि किती पुरावा मिळाल्यावर थांबायचे, हे आधीच ठरलेले असते. निकाल मनासारखा दिसताच चाचणी बंद करण्याची मुभा कुणालाही नाही. मात्र नवी आवृत्ती इथे प्रामुख्याने स्वतःच्याच जुन्या आवृत्तीशी खेळते. घरच्या सामन्यात मिळालेले दहा गुण बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यापुढे दहाच राहतील, याची खात्री नसते.

यंत्राचा प्रश्न अधिक बिकट आहे. विश्व स्पर्धेत ज्याने त्याने आपापले यंत्र आणायचे असा जुना रिवाज होता. त्यामुळे कौशल्याइतकाच पैसाही पटावर खेळत असे. २००९ मध्ये पाम्प्लोना इथे आठ कोअरची मर्यादा घातली गेली, तेव्हा मोठी यंत्रे जमवणाऱ्यांना ती जाचक वाटली. सीसीआरएल आणि सीईजीटी या याद्यांनी दुसरा मार्ग धरला : वेळ एका ठरलेल्या संगणकाच्या वेगाशी जुळवून घ्यायची आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय बंद ठेवायची. एकाच जातीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या इंजिनांना हे पुरते.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीने आपला अल्फाझीरो हा प्रोग्रॅम आणि स्टॉकफिश ८ यांच्या १०० डावांचा निकाल जाहीर केला : २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव एकही नाही. स्टॉकफिशला ६४ थ्रेड दिले होते, पण हॅश स्मृती फक्त १ जीबी. प्रत्येक खेळीला ठरावीक एक मिनिट होते. कठीण स्थितीत जास्त आणि सोप्या स्थितीत कमी वेळ खर्च करण्याची स्टॉकफिशची क्षमता त्यामुळे निरुपयोगी ठरली. समोर अल्फाझीरो चार टीपीयूंवर, म्हणजे मुळातच वेगळ्या जातीच्या हार्डवेअरवर चालत होते. टीका झाल्यावर २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हॅश ३२ जीबी आणि घड्याळ नेहमीसारखे होते. १००० डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले आणि ६ गमावले. श्रेष्ठत्व टिकले, पण आधीच्या निकालातले कोरे पराभवपत्रक टिकले नाही. न्याय्य अटींची किंमत यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल. जीपीयूवर चालणाऱ्या लीला चेस झीरो या इंजिनामुळे हा प्रश्न कायमचाच झाला. एका जीपीयूच्या बदल्यात किती कोअर, याचे सर्वमान्य उत्तर नाही. विजेची किंमत, यंत्राची किंमत की वेग, यांपैकी कोणती मोजपट्टी घ्यायची ते आयोजकच ठरवतो.

सुरुवातींच्या बाबतीत न्यायाची कल्पनाच बदलत गेली. स्वीडनच्या एसएसडीएफ यादीत प्रत्येक प्रोग्रॅम आपले ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या खेळींचा तयार संग्रह, घेऊन उतरे. ते बुक हाही निर्मात्याच्या कौशल्याचा भाग, ही भूमिका चुकीची नव्हती. पण त्यातून ठरावीक प्रतिस्पर्ध्याला गाठणारी बुके तयार झाली आणि आधी जिंकलेलाच डाव पुन्हा पुन्हा वसूल होऊ लागला. म्हणून नंतरच्या याद्यांनी सर्वांना एकच सुरुवात दिली. आता समतोल सुरुवातींतून अव्वल इंजिनांचे जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात. त्यामुळे टीसीईसीसारख्या स्पर्धेत मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडतात आणि तीच स्थिती मोहरी बदलून दोनदा खेळवतात. दोन्ही इंजिनांनी पांढऱ्या मोहऱ्यांनी विजय मिळवला, तर हिशेब १-१. एकाने पांढऱ्याने जिंकून काळ्याने डाव वाचवला, तरच जोडी त्याच्या खात्यात. म्हणून अशा सामन्यात सुटा डाव न मोजता जोडी मोजणेच योग्य. यात कुणावर अन्याय होत नाही. पण विचारलेला प्रश्न वेगळा होतो. वाईट स्थिती सावरण्याची ताकद इथे अधिक मोजली जाते, आणि ती माणसांच्या डावातल्या ताकदीशी जुळेलच असे नाही.

राहिला प्रश्न स्पर्धेत कोणाला धरायचे याचा. २०१६ ते २०१९ सलग चार वर्षे विश्व स्पर्धा कोमोडो या इंजिनाने जिंकली, तेव्हा स्टॉकफिश त्यात नव्हते. त्या पदवीचा अर्थ तेवढ्यापुरताच घ्यावा लागतो. मौलिकतेचा वाद याहून कडवट झाला. क्राफ्टी आणि फ्रूट या इंजिनांची नक्कल केल्याच्या कारणावरून रिब्का या इंजिनाची २००७ ते २०१० ची विश्वविजेतेपदे विश्व स्पर्धा भरवणाऱ्या आयसीजीएने २०११ मध्ये काढून घेतली. तोवर प्रतिस्पर्धी चार वर्षे दुसऱ्या क्रमांकावर राहून गेले होते. स्टॉकफिशच्या कोडवर आधारलेल्या फॅट फ्रिट्झ २ वरून स्टॉकफिशचे विकासक आणि ते इंजिन विकणारी चेसबेस कंपनी यांच्यात झालेला खटला २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. या प्रकरणांत निदान कोडच्या ओळी समोर ठेवून बोलता आले. आता स्थितीचे मूल्यमापन बहुतांशी न्यूरल नेटवर्क करते. लीलाच्या डावांतून मिळालेला डेटा स्टॉकफिश उघडपणे वापरते, आणि तसे करण्यात गैर काही नाही. पण ज्याचे कोड संपूर्ण स्वतंत्र आणि मूल्यमापन दुसऱ्याच्या डावांवर शिकलेले, अशा इंजिनाला यादीत स्वतंत्र मानायचे का, यावर प्रत्येक आयोजक आज आपापला नियम लावतो आहे.